विश्रामबागवाडा ते गंज पेठ : पुण्यातील एका वारसाफेरीचा अनुभव

पुण्यात आता वारसाफेऱ्या पुष्कळ निघतात, पण त्यांतील बहुतेक शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी सुरू होतात आणि पेशवाईबरोबरच संपतात. डिसेंबरातल्या एका रविवारी मी जी फेरी केली, ती पेशवाई बुडाल्यानंतरच्या पुण्याची आहे. लिहिणारी, शिकवणारी आणि एकमेकांशी कडाक्याने भांडणारी माणसे एकोणिसाव्या शतकात या शहरात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहत होती. त्यांच्या शाळांनी, पत्रांनी आणि सभांनी महाराष्ट्राचे शिक्षण, राजकारण आणि घरातले व्यवहार कसे पालटले, हे त्या त्या जागी उभे राहून सांगण्याचा प्रयत्न इतिहासाच्या अभ्यासकांचा एक लहान गट या फेरीतून करतो. मी सातारा जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत २३ वर्षे शिकवत आहे. या माणसांची नावे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यामुळे फेरीला जाताना माझी अपेक्षा मोठी होती, आणि तिच्यातील उणिवा मी पुढे स्पष्टपणे लिहिणार असले, तरी ती अपेक्षा बरीचशी पूर्ण झाली हे आधीच सांगते.

फेरी सकाळी साडेसातला सुरू होते आणि सुमारे साडेतीन तास चालते. शुल्क माणशी ६०० रुपये असून विद्यार्थ्यांसाठी २५० रुपये आहे. एका गटात सोळांहून अधिक माणसे घेत नाहीत, आणि हा नियम ते खरोखर पाळतात. प्रत्येकाला कानात घालायचे एक लहान यंत्र आणि चोवीस पानांची पुस्तिका मिळते. यंत्रामुळे बाजीराव रस्त्यावरच्या वाहनांच्या गोंगाटातही मार्गदर्शक ताईंचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, त्यांना ओरडावे लागत नाही आणि आजूबाजूच्या रहिवाशांनाही त्रास होत नाही. पुस्तिकेत मूळ लेखनातील उतारे मोठ्या टाइपात छापले आहेत. प्रत्येक ठिकाणी थांबल्यावर गटातील कोणालातरी एक उतारा मोठ्याने वाचायला सांगतात आणि मग त्यावर बोलतात. ही पद्धत मला सर्वांत आवडली, कारण एरवी आपण या लेखकांविषयी खूप ऐकतो आणि त्यांचे स्वतःचे वाक्य मात्र क्वचितच वाचतो.

पहिला थांबा विश्रामबागवाड्याचा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा बहुतेकांना त्याच्या कोरीव लाकडी सज्जासाठी माहीत असतो. ताईंनी मात्र सज्जाकडे बोट दाखवून लगेच १८२१ सालाकडे नेले. पेशवाई बुडून तीन वर्षे झाली होती. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत असत, त्या पैशाचा काही भाग वळवून इंग्रज सरकारने याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. विद्येसाठी सरकारी पैसा खर्चायचा तर तो कोणाच्या विद्येसाठी, हा प्रश्न तेव्हापासूनच या वाड्यात वस्तीला आला, असे त्यांनी सांगितले, आणि पुढच्या साडेतीन तासांचा सारा धागा त्या एका प्रश्नात होता. त्याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या शिक्षणाच्या कार्यासाठी जाहीर सत्कार झाला. एकतीस वर्षांत एकाच छताखाली घडलेल्या या दोन गोष्टी अशा शेजारी ठेवलेल्या मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेल्या नाहीत. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख यांच्या शतपत्रांना मात्र इथे दोनच वाक्ये मिळाली. १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात छापल्या गेलेल्या या पत्रांनी मराठी वाचकाला स्वतःच्या समाजाकडे टीकेच्या नजरेने पाहायला शिकवले, आणि त्यांतला एकही उतारा पुस्तिकेत नसावा ही मला खटकलेली पहिली गोष्ट.

तिथून लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागेकडे जाताना गट थोडा रेंगाळला. रविवारी सकाळी दुकाने बंद असल्याने चालणे सोपे जाते. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर उभी असलेली ही मुलींची शाळा १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदींच्या पुढाकाराने सुरू झाली. आम्ही ती रस्त्यावरूनच पाहिली. इथला उतारा निवडताना आयोजकांनी धाडस दाखवले आहे. मुलींना मुलांप्रमाणेच इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवावे, की घरकामाला उपयोगी पडेल एवढेच शिकवावे, या वादात ‘केसरी’ने या शाळेच्या अभ्यासक्रमाला विरोध केला होता, हे पुष्कळ ठिकाणी गाळले जाते. इथे ते गाळलेले नाही. त्याच्या समोरच आगरकरांच्या ज्या निबंधात स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे असे सांगितले आहे, त्यातील उतारा दिला आहे. दोन्ही मते वाचून झाल्यावर ताईंनी कोणालाही दोष न देता एवढेच विचारले, की आपल्या घरात हा वाद कोणत्या साली मिटला. गटातील एका आजींनी सांगितले, की त्यांना सातवीनंतर शाळेतून काढले होते आणि ते साल १९६६ होते. त्यानंतर काही क्षण कोणीही बोलले नाही.

केसरीवाड्यात टिळकांविषयी सांगताना सर्वसाधारणपणे जो सूर लागतो, तो या फेरीत लागत नाही. आदर पूर्ण आहे, पण कथा एकट्याची नाही. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांच्या सोबतीने बुधवार पेठेत न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर एम. ए. होऊन त्यांना येऊन मिळाले, १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय. पाच वर्षांत शाळा, दोन वृत्तपत्रे, संस्था आणि महाविद्यालय उभे करणारी ही माणसे पंचविशी-तिशीची होती. पदवी हातात असताना सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून पोटापुरत्या पगारावर शिकवायचे, हा त्यांचा निश्चय होता. शाळा आणि वृत्तपत्र ही दोन कामे त्यांच्या मनात वेगळी नव्हती. वर्गातल्या मुलाला शिकवायचे आणि त्याच्या बापाला वृत्तपत्रातून शिकवायचे, असे ते होते.

इथेच कोल्हापूर प्रकरण सांगितले गेले, आणि फेरीतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग तिथे सुरू झाला. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावरील लेखनाबद्दल टिळक आणि आगरकर यांच्यावर बदनामीचा खटला झाला, तेव्हा दहा हजार रुपयांच्या जामिनासाठी उभे राहिले ते जोतीरावांचे सहकारी रामशेठ बापूशेठ उरवणे. नारायण पेठेच्या आणि गंज पेठेच्या इतिहासाच्या दोन वेगळ्या गोष्टी करून शिकवण्याची आपल्याला सवय आहे, पण १८८२ साली त्या दोन पेठांमध्ये एवढी ये-जा होती. टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस सुटले, आणि त्याच ऑक्टोबरात जोतीरावांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे आपले शिक्षणविषयक निवेदन ठेवले. ताईंनी हे दोन प्रसंग जोडून सांगितले आणि निवेदनाचा उतारा गंज पेठेसाठी राखून ठेवला. टिळक आणि आगरकर यांची ताटातूट, आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडून पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढणे, आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा हा वाद, आणि १८९५ साली पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू न देणे, हे सारे मात्र दहा मिनिटांत उरकले. हा वाद समजल्याशिवाय पुढच्या शंभर वर्षांचे महाराष्ट्राचे राजकारण समजत नाही. सनातन्यांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागलेल्या आणि अवघ्या ३९ व्या वर्षी गेलेल्या आगरकरांना या फेरीत आणखी वेळ मिळायला हवा होता. फर्ग्युसन नदीपलीकडे असल्याने तिथे जाता येत नाही, हे कारण पटते. तरीही केसरीवाड्यातच पंधरा मिनिटे वाढवता येतील.

यानंतर चहाचा थांबा होता. चहा आणि इडली शुल्कात धरलेली आहे आणि दोन्ही चांगली होती. स्वच्छतागृहाची सोय मात्र साडेतीन तासांत या एकाच ठिकाणी झाली. गटात ज्येष्ठ स्त्रिया आणि शाळकरी मुली होत्या. आयोजकांनी नोंदणीच्या वेळीच ही बाब सांगायला हवी आणि दुसरी सोयही पाहून ठेवायला हवी.

बुधवार पेठेतील भिडेवाड्यापाशी पोचलो तेव्हा दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा जिथे सुरू केली तो तात्यासाहेब भिडे यांचा वाडा आता नाही. अनेक वर्षांच्या कोर्टकज्ज्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो उतरवण्यात आला. जिथे पाहण्यासारखे जुने काहीच उरलेले नाही तिथे वारसाफेरीने काय करावे, याचे उत्तर या गटाने चांगले शोधले आहे. पुस्तिकेत मोडकळीला आलेल्या वाड्याचे छायाचित्र आहे. ते हातात धरून, रस्त्याच्या कडेला उभे राहून, गटातील बारा वर्षांच्या एका मुलीने मुक्ता साळवे हिच्या निबंधातील उतारा वाचला. मुक्ता ही फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली मांग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती त्यात सरळ विचारते. शाळा सुरू झाल्यापासून सात वर्षांत, जिच्या आईबापांना अक्षरही शिकण्याची बंदी होती अशी मुलगी हा प्रश्न लिहून छापते, एवढा त्या शाळेचा परिणाम आहे. मी माझ्या वर्गात सावित्रीबाईंवर फेकलेल्या शेणाची आणि चिखलाची गोष्ट दरवर्षी सांगते, पण ते सोसून त्यांनी जे शिकवले त्याचे फळ म्हणून हा निबंध मुलांपुढे ठेवायला मला सुचले नव्हते. या एका उताऱ्यासाठी मी शुल्क आनंदाने पुन्हा भरेन.

भिडेवाडा ते गंज पेठ हे अंतर रिक्षाने जायचे असते, आणि फेरीचा सर्वांत कच्चा दुवा इथेच आहे. ठरवलेल्या रिक्षांपैकी दोन आल्याच नाहीत. अर्धा गट पुढे गेला आणि आम्ही सात जण पंचवीस मिनिटे रस्त्यावर उभे होतो. शेवटच्या थांब्यासाठी राखलेला वेळ त्यात गेला. आयोजकांनी त्याबद्दल माफी मागितली आणि फेरी तेवढीच लांबवली हे खरे, पण ज्यांना परतीची गाडी गाठायची होती त्या दोन कुटुंबांना मध्येच निघावे लागले. गंज पेठेचा थांबा आधी ठेवून उलट दिशेने येणे, किंवा एकच लहान बस ठरवणे, यांतला कोणताही मार्ग याहून बरा ठरेल.

गंज पेठेतील फुलेवाडा, ज्याला समताभूमी म्हणतात, तिथे पोचल्यावर शहराचा गलका एकाएकी मागे पडतो. १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद, बसकी जुनी घरे, तुळशीवृंदावनासारखी जोतीरावांची समाधी. ताईंनी इथे आधी दहा मिनिटे काहीही सांगितले नाही आणि आम्हांला एकेकट्याने फिरू दिले. मग हौदापाशी बसून त्यांनी हंटर आयोगापुढील निवेदनाचा उतारा वाचायला माझ्याकडे दिला, कारण नोंदणीच्या अर्जात मी व्यवसाय शिक्षिका असा लिहिला होता.

मूळ इंग्रजीत असलेल्या या निवेदनाचे पुस्तिकेतले मराठी रूपांतर सोपे आणि नेटके आहे. सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल ही समजूत खोटी ठरली आहे. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडे शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान द्यावे. शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे यावेत, आणि त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा. हे मी वाचत गेले. शिक्षकाच्या पगाराचा आकडा लिहून ठेवण्याइतका बारीक विचार १८८२ साली त्या घरात बसून कोणी केला होता, हे वाचताना माझा आवाज मध्येच अडकला. विद्या गेल्याने पुढे काय काय गेले हे सांगणाऱ्या, ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या ओळी आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या आहेत. पण भिंतीवरच्या त्या ओळींना या निवेदनाचा आधार आहे. जोतीराव नुसता शोक करून थांबले नाहीत, सरकारपुढे मागण्यांची जंत्री मांडून बसले, आणि पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असतानाही खर्चाच्या प्रश्नावर एकटे उभे राहण्याची त्यांची तयारी होती.

या मागण्यांचे पुढे काय झाले तेही ताईंनी मोजक्या शब्दांत सांगितले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ पर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर नेले, गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात त्यासाठी विधेयक आणले आणि ते फेटाळले गेले, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात तो कायदा केला, आणि देशात शिक्षण हा मुलांचा हक्क म्हणून अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली शूद्र कोण होते या प्रश्नावरील आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला, हेही इथेच सांगितले. सत्यशोधक विचारात वाढलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, तो उल्लेख आला तेव्हा मला माझे वडील आठवले. ते साताऱ्याच्या रयतच्या वसतिगृहात राहून, हाताने काम करून शिकले. आमच्या घराण्यातले ते पहिले शिकलेले. त्या हौदाच्या काठावर बसून मी जे वाचले होते त्याच्याशी माझी नोकरी, माझी भाषा आणि माझ्या मुलीचे महाविद्यालय यांचे नाते किती थेट आहे, ते मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट दिसले.

इतके असूनही फेरीतील एक मोठी उणीव मी लिहिल्याशिवाय राहू शकत नाही. ज्या १८८२ सालाभोवती ही फेरी इतक्या विचाराने गुंफली आहे, त्याच साली ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापून आले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवरील खटल्यानंतर बायकांच्या वर्तनावर जे लिहिले जात होते, त्याला बुलढाण्याच्या एका स्त्रीने दिलेले ते रोखठोक उत्तर आहे, आणि त्यावर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी तिची बाजू घेतली होती. त्याच साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. या दोघींचे नावही फेरीत येत नाही. सावित्रीबाई आणि मुक्ता यांच्यावर इतके चांगले काम केलेल्या गटाकडून हे सुटावे याचे मला वाईट वाटले. रमाबाईंच्या साक्षीचा अर्धा पान उतारा जोतीरावांच्या निवेदनाशेजारी छापला, तरी एकच आयोग दोन बाजूंनी उजळून निघेल.

पुस्तिकेत एक सरळ चूकही आहे. ‘केसरी’चे पहिले संपादक म्हणून तिच्यात टिळकांचे नाव छापले आहे. पहिले संपादक आगरकर होते आणि ‘मराठा’चे संपादन टिळकांकडे होते. फेरीत ताईंनी हे बरोबर सांगितले, परंतु पुस्तिका घरी जाते आणि मुलांच्या हाती पडते. मी ही चूक आणि वरील सूचना पत्राने कळवल्या. चौथ्या दिवशी उत्तर आले. चूक मान्य करून पुढील छपाईत दुरुस्त करू, शिल्लक प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू, आणि ताराबाई व रमाबाई यांचे उतारे निवडण्याचे काम हाती घेतले आहे, असे त्यांनी लिहिले होते. रिक्षांच्या गोंधळाबद्दल आमच्या सात जणांचे निम्मे शुल्कही त्यांनी न मागता परत केले.

फेरी एकूण सुमारे अडीच-तीन किलोमीटर चालण्याची आहे. चढ नाही, पण पदपथ सलग नाहीत, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि सर्वांनीच पाण्याची बाटली जवळ ठेवावी. दहा वर्षांखालील मुले उताऱ्यांच्या वेळी कंटाळतात असे मी पाहिले, सहावी-सातवीपासूनची मुले मात्र शेवटपर्यंत प्रश्न विचारत होती. ३ जानेवारी आणि ११ एप्रिल या जयंत्यांच्या आसपास फुलेवाड्यात मोठी गर्दी असते, तेव्हा निवांत पाहायचे असेल तर त्या तारखा टाळाव्यात. शाळांसाठी शनिवारी वेगळी फेरी ठेवतात आणि चाळीस मुलांमागे दोन मार्गदर्शक देतात. आमच्या सातवीच्या एकतीस मुलांसाठी मी फेब्रुवारीतील एक शनिवार मागितला आहे. फेरी गंज पेठेपासून सुरू करावी, एवढी एकच अट घातली आणि ती त्यांनी मान्य केली. निवेदनाचा उतारा या वेळी वर्गातील कोणाकडे द्यायचा हे मुलांनी आपसात ठरवायचे आहे, आणि त्यासाठी सध्या मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचनाचा सराव चालू आहे.